जंगल हाय ते, मंडप न्हाई

दत्ताराव मला दर बाजाराच्या दिवशी ठार मारतात. कधी मगरीच्या तोंडी देतात, कधी दलदलीत बुडवतात, एकदा तर साध्या वेलीनं गळा आवळून मारलं. मारून झालं की माइकवर गंभीर आवाजात सांगतात, "झेरॉक्सवाले गेले. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो." लगेच मागच्या घरातून वैनींचा आवाज येतो, "मेले का? चहा टाकू?"

झेरॉक्सवाला म्हणजे मी. जवळा बाजार ह्या गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून दत्तारावांचं मंडप डेकोरेशनचं गोडाऊन. पावसाळ्यात लग्नं नसतात म्हणून त्यांना काम नसतं. मला बाराही महिने नसतं. त्यामुळं आमचं जमतं.

गोडाऊनमध्ये खुर्च्यांच्या थप्प्या, सतरंज्यांच्या गुंडाळ्या आणि नवरा-नवरीचं लाल मखमलीचं सिंहासन. मधोमध स्टेजच्या दोन फळ्या टाकलेल्या आणि त्यांच्यावर जंगल. ह्या जंगलाचं नाव काळदरा. प्लॅस्टिकच्या पानांच्या माळांची झाडं, हिरव्या मॅटचं गवत, थर्माकोलचे डोंगर. कोणाच्या तरी रिसेप्शनला जे कारंजं उडत होतं, तीच इथली नदी. एवढा सगळा मांडव मोडून केलेलं जंगल, पण युसूफभाई टेलर एकदा नुसतं म्हणाले, "जरा फॅन लगाव ना दत्ताराव," तर हे कडाडले, "जंगलात फॅन? जंगल हाय ते, मंडप न्हाई!"

खेळ असा. आपण एक शूर गडी व्हायचं आणि काळदऱ्यात शिरायचं. समोर काय येतं ते दत्ताराव माइकवर सांगणार, आपण काय करणार ते आपण सांगायचं, आणि जमलं की नाही ते सहा कवड्या ठरवणार. मूळचा खेळ पुण्याहून आलेला, पेटीतला. त्यात बऱ्याच बाजूंचा एक फासा होता म्हणे. तो बकरीनं खाल्ला, तेव्हापासून कवड्या. नियमांचं पुस्तक इंग्रजीत आहे आणि दत्तारावांनी ते उघडलेलं नाही. तरी दर दोन मिनिटांनी बजावतात, "नियम म्हंजे नियम."

सगळ्यात मोठा नियम एकच. नदीपलीकडच्या शेवटच्या झाडापुढं जो जाईल तो जिंकला आणि खेळ कायमचा संपला. त्या झाडाखाली हातात तलवार घेतलेला बोटाएवढा रंगीत शिपाई उभा असतो, पेटीतलाच. आमची समजूत अशी की हा पलीकडचा पहारेकरी, म्हणजे शेवटचं संकट. त्याला हात लावायची कोणाला परवानगी नाही. तुळशीचं लग्न लागलं की जंगल उठतं, पानं खऱ्या लग्नांना जातात, बाकीचं पेटीत जातं. तो शिपाई मात्र दत्तारावांच्या सदऱ्याच्या खिशात जातो.

आम्ही खेळणारे तिघं. माझी सोंगटी सुपारी, युसूफभाईंची शर्टाचं बटण आणि कुंडलिकची हळकुंड. कुंडलिक हाडाचा शेतकरी. रानडुकरांपायी अर्धा हिवाळा शेतात जागल करतो, त्यामुळं त्याला जंगलाचं भ्या म्हणून नाही. ह्याचा दत्तारावांना फार ताप.

"समोर दाट अंधार…" दत्ताराव माइकवर एको लावून सांगत होते. "अंधारात दोन लाल लाल डोळे… डोळे… डोळे…"

"ते असू द्या," कुंडलिक म्हणाला. "जमीन कशी हाय?"

"काय?"

"काळी हाय का मुरमाड? इतकी झाडी हाय म्हंजे पाणी वरच असंल. हळद लई जमंल हितं."

"अरे कुंडलिक, राक्षस येऊन राहिला तुझ्या अंगावर!"

"येऊ द्या की. त्येलाच इचारतो, डुकराचा तरास किती हाय म्हणून."

युसूफभाईंची तऱ्हा वेगळी. राक्षस दिसला की ते गळ्यातला टेप काढणार. "आव जी, सीधे खडे रहो. नाप लेता मैं." दत्तारावांनी कपाळाला हात लावला, पण कवड्या बऱ्या पडल्या. नियम म्हंजे नियम. राक्षस मुकाट्यानं मापाला उभा राहिला आणि युसूफभाईंनी त्याला ईदनंतरची तारीख दिली. तो अजून चकरा मारत असेल.

एवढी गंमत, पण नदीपाशी पोचलो की दत्तारावांचा चेहरा बदलायचा. तिथून पुढं त्यांनी कोणाला म्हणून जाऊ दिलं नाही. मगर यायची, महापूर यायचा. एकदा काहीच सुचेना तर म्हणाले, "लाइट गेली."

"जंगलात लाइट कुठून आली?" मी विचारलं.

"म्हणूनच गेली. तुमी मेलात."

मी माझी सुपारी उचलली.

यंदा कुंडलिक इरेला पेटला. तुळशीच्या लग्नाआधीचा शेवटचा बाजार होता. सोयाबीन विकून तो सरळ गोडाऊनमध्ये आला आणि पिशवी न टेकवताच म्हणाला, "आज पार करतो म्हंजे करतो. आज जर लबाडी केली तर पुढच्या साली ह्या दारात पाय ठिवणार न्हाई. उगं काहून येळ घालवायचा?"

"अगदी सही बात," युसूफभाई म्हणाले. "मैं भी नै आता."

दत्ताराव नुसत्या कवड्या पुसत बसले.

दुपारभर खेळलो. माझी सुपारी दलदलीत रुतून अलीकडंच राहिली. युसूफभाई आणि कुंडलिक मात्र नदीला पोचले. दत्तारावांनी माइक उचलला. "नदीला पूर आलाय. सहाच्या सहा कवड्या उताण्या पडल्या तर दोघंबी पार. न्हाई तर दोघंबी गेले."

सहाच्या सहा! कुंडलिकनं त्यांच्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता कवड्या टाकायच्या सोडून हा दत्तारावांनाच हाणतो. पण त्यानं कवड्या मुठीत धरल्या, तोंडापाशी नेल्या आणि टाकल्या.

सहाच्या सहा उताण्या.

"पडल्या!" कुंडलिक असा ओरडला की बाहेर दावणीचा बैल उठून उभा राहिला. त्यानं हळकुंड आणि बटण उचलून नदीपार शिपायाशेजारी ठेवलं. आता एकच पाऊल राहिलं. "बोला दत्ताराव! ह्या पहारेकऱ्याचं काय करायचं? हाणू का?"

"त्येला हाणू नको," दत्ताराव म्हणाले. आवाज पार उतरला होता. माइक तोंडाशीच होता, एको चालूच होता. "पहारेकरी न्हाई त्यो. आमच्या प्रशांतचा गडी हाय."

प्रशांत, म्हणजे घरचा पशा, त्यांचा एकुलता एक मुलगा. आधी पुण्याला होता, आता जर्मनीत. लॉकडाऊनमध्ये गावी आला होता तेव्हा ती पेटी त्यानंच आणलेली.

"त्या टायमाला लग्नं बंद, सगळंच बंद. आमी दोघं हितं बसून खेळायचो. जन्मात बोललो न्हाई तेवढं पोरगं माझ्याशी बोललं. मंग कंपनीनं बोलावलं. तवा त्यो त्या झाडापोत्तर आलता. म्हणला, अप्पा, एकच डाव राहिलाय, सुटीला आलो की पार करतो. तवर हात लावू नका."

वैनी दाराशी येऊन उभ्या होत्या. "फोन येतो की आयतवारी," त्या आम्हाला म्हणाल्या. "पण 'जेवलात का' अन् 'जेवलो' ह्याच्या म्होरं बापलेकाची गाडी सरकत न्हाई."

"आता तुमी म्होरं गेलात," दत्ताराव म्हणाले, "म्हंजे खेळ संपला. नियम म्हंजे नियम. खेळच संपला तर त्यो कशाला येईल?"

"येईल… येईल… येईल…" गोडाऊनभर घुमलं. मी उठून एकोचं बटण बंद केलं.

कुंडलिकनं हळकुंड उचललं. मला वाटलं, टाकतो आता पाऊल, दोन साल तोंडघशी पडलाय बिचारा. त्यानं हळकुंडाला लागलेली धूळ धोतराला पुसली आणि ते शिपायाच्या अंगाला अंग लावून खाली ठेवलं.

"आपली जागल हितंच," तो म्हणाला. "लेकराला रानात येकटं ठिवून कोन म्होरं जातं का?"

"वो आया तो सब मिलके जायेंगे," म्हणत युसूफभाईंनी बटण शिपायाच्या दुसऱ्या बाजूला सरकवलं. "तब तक मैं इसका नाप ले लेता."

दत्तारावांनी उपरण्यानं डोळे पुसले, नाक शिंकरलं. मग माइक उचलला आणि खाकरले. "झेरॉक्सवाले अलीकडं दलदलीत येकटेच हायेत," ते म्हणाले. "त्यांच्या मागून… अस्वल येऊन राहिलंय."

माझ्यासमोर कवड्या होत्या. मी त्यांना हात लावला नाही. म्हटलं, "मेलो."

"आत्म्यास शांती लाभो," दत्ताराव म्हणाले, आणि किती दिवसांनी हसले.

"मेले का? चहा टाकू?" वैनींनी विचारलं.

"हे येकटेच मेलेत," दत्ताराव म्हणाले. "बाकीचे आपल्या पशापाशी जागलीला बसलेत. त्यांचा चहा तिकडंच नेऊन दे."