विकतच्या गाण्यातला भुसा

राजुरीत बबनभाऊंच्या घरी पाहुण्याला आधी चहा नाही, आधी हेडफोन. एकच गाणं दोनदा ऐकायचं. एकदा विकत घेतलेलं डाउनलोड, म्हणजे फाइल लहान करायला आवाज छाटलेलं, एकदा भाऊंनी सीडीवरून घरच्या कॉम्प्युटरवर उतरवलेलं. कुठलं कुठलं ते ओळखा, मग चहा! माझे सख्खे व्याही ओळखू शकले नाहीत, तर कोरड्या घशाने मंचरला परत गेले. मी थक्कच झालो.

भाऊ माझे शेजारी. हयात गेली विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात. नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे सांगणारा कान. विकतच्या गाण्याला त्यांचा एकच शब्द ठरलेला. "भुसा! दाणं काढून घेत्यात राव, अन् आपल्याला भुसा विकत्यात!"

गेल्या महिन्यात त्यांचा कॉम्प्युटर बसला. उतरवलेलं सगळं गेलं. गावच्या भजनी मंडळाची जुनी सीडी तेवढी हाताशी होती, तीही ओरखडे पडलेली. भाऊ धड जेवेनात, असं वहिनी म्हणाल्या. मला राहवेना. त्याच सीडीतलं भजन इंटरनेटवर विकत मिळालं, ते मी मोठ्या ऐटीत नेऊन ऐकवलं.

भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. "किसन कुठंय?"

मी हादरलो. किसन त्यांचा धाकटा भाऊ, त्या भजनात टाळ वाजवायला होता. बांधावरून भांडण झालं तेव्हापासून दोघांत अबोला, घरं मात्र भिंतीला भिंत लागून.

"टाळ पार पुसून टाकलाय ह्यांनी! नुसती खसखस ऐकू येतीया."

मी ओतूरहून सीडीचा ड्राइव्ह मागून आणला, माझ्या लॅपटॉपला जोडला. भाऊंनी सीडी साबणाच्या पाण्याने धुतली, मऊ फडक्याने टिपली. तीनदा अडकली. भाऊ माझा खांदा आवळून उभे. चौथ्यांदा एकदाची उतरली.

त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला. टाळ खणखणीत, पण दर वेळी किंचित मागून.

"उशिरा वाजतोय ना?"

"हो."

"मंग किसनच! ल्हानपणापासनं असाच. लई शिव्या घातल्या, सुधारला न्हाई." भाऊ हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. या माणसाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "भाऊ, भिंतीपलीकडेच तर राहतो. जाऊन बोला की."

"तिथं गेलं की भांडान व्हतं, राव," ते म्हणाले. "हितं नुसता टाळ वाजतो."