नाना नापास होणार होते!

"या शिबिरात मी नापास होऊनच दाखवतो!" बुटाच्या नाड्या आवळत नानांनी बायकोला बजावलं.

"त्यासाठी तुम्हाला वेगळं काय करावं लागणार आहे?" बायको म्हणाली.

तिचं जाऊ द्या. नानांचं दुखणं वेगळंच होतं. नगरपालिकेच्या पाणी खात्यात, तक्रारींच्या खिडकीवर एकोणतीस वर्षं काढून माणूस पार पिचला होता. उरलेली दोन वर्षं त्यांना तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत काढायची होती. तिथे फोन नाही, खिडकी नाही आणि मुख्य म्हणजे माणसं नाहीत! ती जागा नुकतीच रिकामी झाली होती. साहेबांनी सांगूनच टाकलं होतं, "नेतृत्व आणि संवादाच्या शिबिरात जो चमकेल तो वर जाईल. ज्याचा काडीचा उपयोग नाही, तो खाली तळघरात!"

पहिल्या दिवशी प्रशिक्षक बाईंनी जोड्या लावल्या. एकाने मन मोकळं करायचं, दुसऱ्याने नुसतं ऐकायचं. नानांच्या वाट्याला आला स्वच्छता निरीक्षक. सगळी कचेरी त्याला भोंगा म्हणायची, यावरून काय ते समजा!

आता खिडकीवर बसून नानांनी एक विद्या कमावली होती. समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघायचं, दर चार वाक्यांनी मान हलवायची आणि "बरं, मग?" म्हणायचं. कान बंद, मान चालू! भोंगा कचरागाडीच्या चाकापासून निघून थेट सासूबाईंपर्यंत पोचला. नाना तोवर मनातल्या मनात तळघरात खुर्ची कुठे टाकायची ते ठरवत होते.

अकराव्या मिनिटाला भोंगा हुंदके देऊ लागला. "नाना, आजवर माझं कुणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं हो!"

"पाहिलंत?" बाई गहिवरल्या. "याला म्हणतात मन लावून ऐकणं!" टाळ्या!

नाना हादरले. "अहो बाई, मी एक अक्षर ऐकलेलं नाही! याला काय झालंय, मला पत्ता नाही!"

"आणि वर हा प्रामाणिकपणा!" बाई म्हणाल्या. पुन्हा टाळ्या!

दुसऱ्या दिवशी नानांनी ठरवलं, आता सरळ उद्धटपणाच करायचा. बाईंनी चार खात्यांना एका टेबलाशी बसवलं आणि एका रस्त्याचं काम मिळून आखायला सांगितलं. पाणीवाले, गटारवाले, वीजवाले, रस्तेवाले एकमेकांच्या उरावर बसायचेच बाकी होते. नानांचं डोकं भणभणलं.

"गप्प बसा रे!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "आधी नळ टाका, मग गटार, मग वीज, आणि सगळ्यात शेवटी डांबर! दरवर्षी डांबर ओतता आणि आठ दिवसांत उकरता, लाजा नाही वाटत?"

रस्तेवाल्याने मुकाट्याने वही काढून ते लिहून घेतलं. अकरा वर्षांत चार खात्यांचं एकमत पहिल्यांदाच झालं होतं, आणि नेमके दारात साहेब उभे!

संध्याकाळी हुकूम निघाला: नाना चारही खात्यांचे संवाद प्रमुख. टेबल थेट मुख्य दाराशी, फोन दोन!

"साहेब, हे सगळं चुकून झालं हो," नानांनी हात जोडले. "मी दमलोय. मला खाली जाऊ द्या."

"काय हा विनय!" साहेब म्हणाले. "खाली आम्ही भोंग्याला धाडतोय. तेवढीच वरच्यांच्या कानांना शांतता."

आठवडाभर नानांनी कसाबसा दम धरला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्रेचाळीस तक्रारी झाल्या, तसे दोन्ही फोन वाजत ठेवून ते चोरासारखे जिना उतरले. खाली गारवा होता, अंधूक उजेड होता, फायलींचा जुना वास होता. नानांना अगदी भरून आलं. कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्यांनी पाय पसरले आणि डोळे मिटले.

"नाना? तुम्ही?" कपाटामागून भोंगा उगवला. तो जेवायला वर गेला असेल, हा नानांचा अंदाज साफ चुकला होता! आनंदाने त्याने दाराला आतून कडी घातली. "बसा, बसा! इथे कसं, बोलणं मधेच तोडायला कुणी येत नाही!"