सबनीसांचे न सापडणारे प्रश्न

आमच्या इमारतीतले सबनीस दारात आले की नमस्कार करत नाहीत, "चहा झाला का" असंही विचारत नाहीत. चपला काढता काढता टेबलावरच्या माझ्या फोनकडे हनुवटीने खूण करतात आणि म्हणतात, "विचारा त्याला."

मग खिशातून दुमडलेला कागद निघतो. त्यावर एक प्रश्न असतो. तो मी फोनला विचारायचा. फोन अडला तर सबनीस मांडी घालून बसतात आणि चहा आणखी अर्धा कप मागतात. फोनने उत्तर दिलं तर कागदाचे बारीक तुकडे करून ते स्वतःच्याच खिशात ठेवतात. दुसऱ्याच्या घरात कचरा करू नये असं त्यांचं मत आहे. दुसऱ्याच्या घरी रोज सकाळी यावं की नाही, याबद्दल त्यांनी अजून मत बनवलेलं नाही.

नारायण पेठेतल्या या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी पहिल्या. लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. मी इथे राहायला येण्याआधीच त्या गेल्या. नोकरीभर सबनीस टेलिफोन खात्यात चौकशीला होते. लोक विचारायचे, अमक्याचा नंबर काय, आणि हे सांगायचे. पुढे लोक विचारायचे थांबले. "माझी जागा ज्याला दिली, त्याची मी परीक्षा घेतो," ते म्हणतात. "खात्याने घेतली नव्हती."

स्वतःकडे त्यांनी स्मार्टफोन ठेवलेला नाही. त्यांच्याच समोरच्या कदमांच्या घरात चार फोन आहेत, पण परीक्षेसाठी सबनीस दोन जिने उतरून माझ्याकडे येतात. माझी पत्नी सुमन चैत्रात गेली. त्याच्या पुढच्या महिन्यात ते पहिल्यांदा आले. मी फारसा बोलत नव्हतो. त्यांनीही सांत्वनाचं काही म्हटलं नाही. म्हणाले, "करंदीकर, तुम्ही कॉलेजात ग्रंथपाल होता. शोधाशोध तुम्हाला जमेल. विचारा त्याला."

एवढी तयारी कशासाठी, तर गणपतीतल्या प्रश्नमंजूषेसाठी. आमच्या इमारतीच्या गणपतीत दरवर्षी एक संध्याकाळ सबनीसांची असते. ते प्रश्न काढतात, तेच विचारतात, गुणही तेच देतात, आणि वर्षातले बाकीचे सगळे दिवस त्या संध्याकाळच्या तयारीत घालवतात. गेल्या वर्षी मात्र घात झाला. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तरं येऊ लागली. सगळ्या संघांनी मांडीखाली फोन धरले होते. वर्षभराचे प्रश्न आरतीच्या कितीतरी आधी संपले.

यंदा आषाढातच कदम त्यांच्याकडे गेला. कदम हडपसरला एका आयटी कंपनीत आहे आणि आमच्या उत्सवाचा कार्यवाह आहे. मुलगा सरळ आहे, बोलतो मात्र घाईघाईने. "काका, डोंट माइंड, पण क्विझ ड्रॉप करू या का? लोक बोअर होतात. त्या स्लॉटला हाउसी ठेवू."

सबनीस म्हणाले, "ठेवा की. हाउसीत डोकं लागत नाही. तुमची सोय बघायलाच हवी."

शेवटी यंदा एक संधी द्यायचं ठरलं. फोनला येणार नाहीत असे प्रश्न निघाले तर प्रश्नमंजूषा राहील, नाहीतर पुढच्या वर्षीपासून हाउसी. हे मला सांगताना सबनीस थट्टेच्या सुरातच बोलत होते, पण त्या दिवशी त्यांचा चहा तसाच राहिला.

पहिला डाव त्यांनी भाषेचा टाकला. प्रश्नात कोणाचंही नाव नाही, सगळं आडून. "असं कोणतं शहर, जिथे माणूस एका सकाळी चालत सबंध आठवडा पार करू शकतो?" मी फोनला विचारलं. त्याने क्षणात पुणे म्हणून सांगितलं, सोमवारपासून रविवारपर्यंतच्या पेठा ओळीने लावून दिल्या, आणि चालताना सोबत पाण्याची बाटली ठेवावी असं सुचवलं.

सबनीस कागद फाडता फाडता थांबले. "पाणी न्यायचं का, हे कोणी विचारलं होतं त्याला?"

दुसरा डाव चित्रांचा. एका वस्तूचा अगदी जवळून फोटो घ्यायचा, म्हणजे काय आहे ते कळू नये. फोनने वस्तू ओळखली आणि ती जवळपास कुठे स्वस्त मिळेल तेही सांगितलं. सबनीस म्हणाले, "हा चौकशीला नाही, दुकानात हवा होता."

तिसरा डाव वासाचा. "त्याला नाक नाही," असं जाहीर करून ते मला मार्केट यार्डात घेऊन गेले. आंबेमोहोर, जिरं, दगडफूल, दोन जातींच्या मिरच्या असं थोडं थोडं घेत आम्ही बरेच फिरलो. व्यापारी विचारी, किती किलो? सबनीस सांगत, "वास येईल इतकं." घरातून बाहेर पडायचा मला कंटाळा होता, पण त्या दुपारी मी हसलो हे आठवतं. परतताना बसमध्ये पिशवीतली हिंगाची पुडी फुटली. घरी येऊन डब्या भरल्या, तर तांदळापासून मिरचीपर्यंत प्रत्येक डबीचं उत्तर एकच होतं.

मग काही दिवस ते आले नाहीत. आले ते खांद्याला कॅसेटचा जुना टेपरेकॉर्डर अडकवून. शत्रूचं हत्यार वापरायचं नाही असा बाणा होता. पुढचे कित्येक दिवस सबनीस स्वयंपाकाच्या वेळी जिन्यात दिसू लागले. एकेका बंद दारासमोर टेपरेकॉर्डर छातीशी धरून डोळे मिटून उभे. गोडबोलेबाईंनी दार उघडून काय हवंय असं विचारलं, तेव्हा त्यांनी फक्त तोंडावर बोट ठेवलं. बाईंनी दार लावून आधी नवऱ्याला कचेरीत फोन केला आणि मग मला.

एकदा ते माझ्याही दाराबाहेर उभे असलेले मला भोकातून दिसले. सुमन गेल्यापासून माझ्याकडे डबा येतो, त्यामुळे दाराबाहेर ऐकण्यासारखं काही नव्हतं. थोडा वेळ थांबून ते निघून गेले.

प्रश्नमंजूषेच्या संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये सतरंज्या पसरल्या होत्या. सबनीस इस्त्रीच्या सदऱ्यात टेबलामागे उभे राहिले. म्हणाले, "फोन बाहेर काढा. मांडीखाली धरू नका, पायाला मुंग्या येतात." लोक हसले आणि फोन बाहेर आले. सबनीसांनी टेपचं बटण दाबलं. खरखर झाली आणि मग कुकरची शिट्टी वाजली.

"कोणाचा?" सबनीसांनी विचारलं.

पोरांनी फोन उंच धरले. एकाच्या फोनने ही आगगाडी असावी असं सांगितलं. दुसऱ्याचा गाणं वाजवू लागला. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून गोडबोल्यांची सासू म्हणाली, "अगंबाई, हा आमचाच. शेवटी दम लागतो त्याला."

मग गर्दीला चेव आला. आधी खोकून मग वाजतो तो वानखेड्यांचा. वानखेडेवहिनी अमरावतीच्या, त्या उठून म्हणाल्या, "आमचाच आहे ना तो, माझ्या आईनं दिलेला." अर्ध्यातच गप्प होतो तो देशमुखांचा, कारण देशमुखांना भात फडफडीत लागतो. कोणाच्या घरी वरण आधी, कोणाकडे शिट्टी झाली की कोण ओरडतं, हे सगळं बायकांना पाठ होतं, आणि इमारतीतल्या भांडणांमुळे बोलणं बंद असलेल्याही एकमेकींचे कुकर ओळखत होत्या. एका शिट्टीला कदम ठामपणे म्हणाला, "हा देशमुखांचा दुसरा कुकर." त्याची बायको म्हणाली, "आपला आहे तो. तू हेडफोन लावून बसतोस, तुला कसा कळणार?" त्यावर इतका हशा झाला की कदमने स्वतःच स्वतःच्या संघाचा गुण कापला.

"आता शेवटचा," सबनीस म्हणाले.

टेप सुरू झाली. बराच वेळ नुसती खरखर. मग पंख्याची टकटक. कडी काढल्याचा आवाज, सपातांचा आवाज. एक कप ओट्यावर ठेवला गेला. त्यात चमचा फिरला. खुर्ची सरकली. पुढे काही नाही. कुकर नाही, माणसाचा आवाज नाही.

पोरांचे फोन म्हणाले, आवाज ओळखता आला नाही, पुन्हा प्रयत्न करा. कोणी म्हणालं दवाखाना, कोणी म्हणालं बँक. माझ्या मनात मात्र शंका नव्हती. मी अशा ठिकाणी कधी बोलत नाही, पण हात वर केला. म्हणालो, "माझं घर."

सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं. "चूक," ते म्हणाले. मग टेप बंद करत हळू म्हणाले, "पण अर्धा गुण."

कदम फळ्याशी खडू घेऊन उभा होता. "काका, मग करेक्ट आन्सर?"

"कोणालाच येत नाही तो प्रश्न वाईट. बाद करा."

बाद करायला हात उचलून कदम तसाच थांबला. वानखेडेवहिनी म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे कुकर नाही का?"

"एकट्याचा भात पातेल्यात होतो," सबनीस म्हणाले, आणि टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळू लागले.

हाउसीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. कदमने पुढच्या वर्षीची संध्याकाळ तिथेच सबनीसांच्या नावावर लिहून टाकली. लोक आरतीला उठले.

जिन्यात मी त्यांना गाठलं. टेपरेकॉर्डर जड होता, तो मी घेतला. विचारलं, माझं उत्तर चूक कसं? तेच आवाज माझ्याकडे रोज होतात.

"होत नाहीत," सबनीस पायऱ्यांकडे बघत म्हणाले. "तुमच्याकडे सकाळी दोन कप वाजतात, करंदीकर. दुसरा माझा असतो."

माझ्या मजल्यावर त्यांनी टेपरेकॉर्डर परत घेतला आणि वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची वाट न बघता मीच वर गेलो. इतक्या वर्षांत मी त्या घरात कधी गेलो नव्हतो. दार उघडायला त्यांना वेळ लागला. मला बघून त्यांनी खुर्ची दाखवली आणि ते आत गेले. चहा उकळल्याचा वास आला, पण चहा येईना. आतून फडताळ उघडल्याचा, मग पितळी डबे सरकवल्याचा, मग स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"बसा," ते आतून म्हणाले. "एक कप आहे. दुसरा कुठेतरी ठेवलेला आहे."