थांब्याचं थ्रीडी

कोणतीही इमारत दोनदा उभी राहते. एकदा संगणकात आणि एकदा जमिनीवर. यातली पहिली वेळ अधिक महत्त्वाची, कारण तेव्हा ती गळत नाही, तिला भेगा पडत नाहीत आणि तिच्या दारात कुणी म्हैस बांधत नाही. संगणकात इमारतीचा सांगाडा रचायचा, त्यावर रंग, काच, ऊन, सावली चढवायची आणि फोटो वाटावा असं चित्र काढायचं, या कलेला शहरात रेंडर म्हणतात. आमच्याकडे थ्रीडी. नाव काहीही असो, या कलेचे उपकार फिटणारे नाहीत. पूर्वी इमारत बघायला ती बांधून होईपर्यंत थांबावं लागे.

या कलेत आमच्या गावाने घातलेली भर कुठेतरी नोंदली जावी, एवढाच या टिपणाचा हेतू.

नेकनूर रस्त्यावरच्या आमच्या फाट्याला एसटीचा थांबा मंजूर झाला. (थांबा आधीही होता, म्हणजे लोक थांबत होते.) थांबणाऱ्यांत सर्वांत ज्येष्ठ बायनाबाई. भाजीची पाटी घेऊन बाजाराला जाण्यासाठी त्या गेली बारा वर्षं तिथे उन्हात उभ्या राहत आल्या आहेत. गुडघे गेले तेही तिथेच. त्यांची मागणी दोन कलमांची होती : डोक्यावर सावली, खाली बाकडं.

थांब्याचा नकाशा काढणाऱ्या बीडच्या आर्किटेक्ट चैताली मॅडमनी दोन्ही कलमं त्यात घेतली. चार खांब, वर स्लॅब, मागे भिंत, लांबलचक बाकडं. मग पाच तास लॅपटॉप तव्यासारखा तापला आणि थ्रीडी तयार झालं. सभेत ते पडद्यावर आलं तेव्हा आपल्या फाट्याला कुणी ओळखलं नाही. हिरवळ होती. संध्याकाळचं सोनेरी ऊन होतं. (संगणकात सूर्य हवा तिथे सरकवता येतो. ही सोय जिल्ह्यात अन्यत्र नाही.) एक गोरी बाई आणि कुत्रा घेतलेला एक गृहस्थ बसची वाट बघत चक्क हसत होते.

सरपंच आबासाहेब चष्मा पुसून म्हणाले, "मॅडम, ही बाई कोणत्या वॉर्डातली?"

"ती सॉफ्टवेअरमधली आहे, साहेब. इमारतीच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून ठेवतात."

"मग आमी काय बुटके हाव का? आमच्यावरनं येऊ द्या की अंदाज."

ठराव एकमताने मंजूर झाला. गोरी बाई गेली, आबासाहेब आले. ते आले म्हणून उपसरपंच सुंदरराव आले. मग सदस्य, माजी सदस्य, भावी सदस्य. (भावी सदस्यांची संख्या सर्वांत जास्त भरली.) कुत्र्याबद्दल मतभेद झाले, पण तो कोणत्याच गटाचा नसल्याने राहिला.

तिसऱ्या सुधारित थ्रीडीत बंकट नावाचे सदस्य अर्धेच दिसू लागले.

"मला कावून खांबामागं दडवलं? खांब काढा."

"काका, खांब काढला तर स्लॅब खाली येईल."

"मग काढून तर बघा."

मॅडमनी चारही खांब काढून दाखवले. स्लॅब जागचा हलला नाही. संगणकात गुरुत्वाकर्षण सक्तीचं नसतं. त्यावर बंकटरावांनी सभेकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला इंजिनिअरिंगकडे उत्तर नाही.

पाचव्या वेळी बाकडं गेलं. ते सुंदररावांच्या नव्या बुटांच्या आड येत होतं.

हे कळल्यावर बायनाबाई पाटीसकट सभेत आल्या. आबासाहेब मनाने मोठे. म्हणाले, "मॅडम, या मावशीलाबी घ्या. कडंला. लाभार्थी म्हणून उभी करा."

"उभी नगं करू गं लेकरा," बायनाबाई मॅडमना म्हणाल्या, "बारा वर्सं उभीच हाय म्या. बसवायचं बघ."

मॅडमनी मान खाली घालून 'सेव्ह' केलं. चित्रात बाकडं नसल्याने बसवायची तरतूद नव्हती.

पहिल्या थ्रीडीत थांबा एकसष्ट टक्के होता, झाडं वीस, आकाश पंधरा, परदेशी नागरिक चार. अंतिम थ्रीडीत माणसं त्र्याऐंशी टक्के, आकाश चौदा, थांबा तीन. हे तीन टक्के म्हणजे सुंदररावांचा फेटा आणि बंकटरावांचा कान यांच्यामधून दिसणारी भिंत. स्लॅब बाकीच्या फेट्यांआड गेला होता.

कंत्राट विजयसिंह यांना मिळालं. हा माणूस शब्दाचा पक्का. कामाच्या आदेशात लिहिलं होतं, 'सोबतच्या चित्रानुसार बांधावे.' त्यांनी चित्रात जेवढं दिसत होतं तेवढं बांधलं. आज फाट्यावर तीन फूट रुंदीची एक भिंत उभी आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि शेरा लिहिला : तंतोतंत.

भिंतीशेजारी थ्रीडीचा वीस फुटी फ्लेक्स लावला आहे. वाऱ्याने एकही चेहरा फाटू नये म्हणून त्याला चार भक्कम खांब दिले आहेत. स्लॅबला जे लागले नाहीत तेच.

फ्लेक्सचं तोंड उगवतीला. त्यामुळे सकाळी मागच्या बाजूला गार सावली पडते. बायनाबाईंनी तिथे एक दगड लोटून आणला आहे. एसटी येईपर्यंत त्या त्यावर बसतात, पाय लांब करतात, मेथीच्या जुड्या बांधतात. दहा माणसं सहज मावतील एवढी सावली आहे. त्या सगळ्यांना हाकही मारतात, "या की इकडं, उन्हात कावून उभं ऱ्हायलाव?"

कुणी जात नाही. मागून फ्लेक्स कोरा दिसतो. गर्दी पुढच्या बाजूला, भर उन्हात, डोक्यावर रुमाल धरून आपापला चेहरा शोधत उभी असते.

तुम्ही हसताय, हसा. आमच्या फाट्यावर कधी उतरलात तर सावली मागे आहे, एवढं ध्यानात असू द्या. फक्त उतरण्याआधी खरं सांगा : परवाच्या लग्नाचे फोटो मोबाईलवर आले, तेव्हा तुम्ही बोट लावून मोठं करून कुणाला बघितलंत? नवरीला?