धुकेवाडीच्या निजलेल्या शाळेची हकीकत

विद्येच्या देवतेस एक नमस्कार, तिच्या खर्चास मंजुरी देणारांस दोन नमस्कार, आणि मग हकीकत लिहितों ती ऐसी जे. शके सोळाशें पंचाण्णव, विजयनाम संवत्सरीं, डोंगराअलीकडील एका दौलतीचा विद्याखर्च आटला. पैका हत्तींच्या झुलींस गेला होता आणि शाळांच्या वांट्यास खडूचा तुकडा उरला होता, मग कारभारी निळोपंत थोरल्या तख्ताकडे हात पसरावयास गेले. अडला हरी, दुसरें काय! तख्तानें कृपावंत होऊन अनुदान बहाल केलें आणि एक कलम जोडिलें कीं, तख्ताच्या शहरीं सूर्य उगवे त्या क्षणीं सर्व शाळांनीं हजेरी घ्यावी, मग सहा घटका शिकवावें आणि शाळा सोडावी. एक पोर कमी भरलें तरी अनुदानांतून येणारा पोरांच्या खिचडीचा शिधा बंद.

आतां तख्त राहिलें दूर पूर्वेस आणि मध्यें डोंगर. खोऱ्यांतील धुकेवाडीस सूर्य येई तो सहा घटका उशिरा, आणि तेथील रीत ऐसी कीं, ऊन उंबऱ्यास लागल्यावांचून पोर उठवूं नये. उठविल्यास त्याचें स्वप्न अर्धें राहून घरभर भटकतें. तेथें मैनाबाई शिकवीत. त्यांची शिष्या गोदी जोडाक्षरांस पोंचली होती, आणि वाडीच्या सात पिढ्यांत वाचणारी ती पहिलीच होणार, म्हणून बाईंचा सारा जीव तिच्यांत गुंतला होता. बाई पंतांस म्हणाल्या, "पंत, त्या वेळीं आमचीं पोरें गाढ निजलेलीं असतात हो."

पंत वदले, "बाई, कलमांत हजर असावें इतकेंच आहे. जागें असावें ऐसें कोठें लिहिलें?"

"अन् शिकवूं काय, घोरणें?"

पंतांनीं मान खालीं घातली. "खिचडीचें पातेलें पालथें पडेल, बाई. उपाशी पोरांस तरी काय शिकवाल?"

बाईंनीं हजेरीचा कागद उचलिला. मग आया धुक्यांतून पोरें खांद्यावर टाकून आणूं लागल्या, आणि घोंगड्यांवर ओळीनें निजवूं लागल्या, आणि बाई हळूंच नांव घेत, आणि पोरें झोंपेंतच "हजर" म्हणून कुशीवर वळत. फळ्यावर दंव पडे, धुकें खिडकींतून आंत येऊन पोरांच्या उशाशीं बसे, बाई कुजबुजत अक्षरें सांगत, आणि ऊन उंबऱ्यास लागे तों शाळा सुटे. मागाहून शिकवावें तर पोरें गुरांमागें पांगलेलीं. शिधा मात्र पुरता आला आणि पोरें गुटगुटीत झालीं, हें खोटें कां म्हणावें?

वर्षाअखेर तख्ताचे पाहणीदार दलेलसिंग हजेरीच्या वेळीं पालखींतून उतरले, आणि गोदीस हलवून तिच्यापुढें पाटी धरिली. "वाच, बाळ."

गोदीनें डोळे किलकिले केले, अक्षरांकडे पाहिलें आणि म्हणाली, "हजर."

"बरें, हें पहिलें अक्षर कोणतें?"

"हजर."

"शाबास!" म्हणून दलेलसिंगांनीं 'उत्तम' ऐसा शेरा मारिला आणि मुलुखांतील सर्व शाळांस घोंगड्या पुरविण्याची आज्ञा केली. मैनाबाई आडोशास जाऊन ढसढसा रडल्या. "माझी पोर वाचणार होती हो," इतकेंच म्हणत राहिल्या.

एवंच, दौलतीस अनुदान मिळालें, तख्तास हजेरी मिळाली, पोरांस खिचडी मिळाली, कोणाचें कांहीं चुकलें नाहीं. गोदी पुढें मोठी झाली, लेकुरवाळी झाली, आणि जन्मभर अंगठा उठवीत राहिली.