जिवाणूंचा वाहतूक परवाना

मेक्सिकोत पानुको नदीकाठच्या एका गावात ओनोरियो सालासारच्या अकरा गाईंना गोचिडी झाल्या होत्या. सगळी औषधं फवारून झाली. गोचिडी त्यांनी उलट तुकतुकीत झाल्या. तेव्हा पशुसंवर्धन कचेरीने कळवलं, की गोचिडींना मारणारे जिवाणू बाटलीत तयार आहेत. गाईला अपाय नाही, दुधात अंश उतरत नाही. घेऊन जावे.

ओनोरियो गेला. खिडकीत सेनाइदाबाई बसल्या होत्या.

"काका, जिवाणू सजीव ना?"

"असतील बाई."

"मग जनावरांच्या वाहतुकीचा परवाना लागेल. नर किती, मादी किती?"

ओनोरियो दोन बस बदलून विद्यापीठात गेला आणि जिवाणूंत नर-मादी नसतात असा दाखला घेऊन आला. बाईंनी तो नीट वाचला आणि रकान्यात लिहिलं : 'सर्व खच्ची'. कानाला बिल्ला मारण्यातून सूट मिळाली, पण कान नसल्याचा वेगळा अर्ज द्यावा लागला.

"झालं ना आता?"

"एकवीस दिवस विलगीकरण. बाहेरून आलेल्या जनावराच्या अंगावर गोचीड नाही, हे बघायला नको?"

बाटली कोंडवाड्यात ठेवण्यात आली. उघड्यावर, भर उन्हात. शेजारी नियमाप्रमाणे पाण्याची बादली आणि चाऱ्याची पेंढी.

इकडे कनेला नावाची त्याची गाय गोचीडतापाने तापली. लाल लघवी करू लागली, मग उठेचना. ओनोरियोची बायको चोना तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"अहो, जा ना, पाया पडा त्यांच्या."

तो पडलाही. पण पाया पडण्याने दिवस कमी करण्याची तरतूद नव्हती. एकोणिसाव्या दिवशी कनेला गेली.

बाविसाव्या दिवशी बाटली मिळाली, गोचीडमुक्त असल्याच्या प्रमाणपत्रासह. उरलेल्या दहा गाईंवर ती फवारली. आतले जिवाणू कधीच मेले होते. गोचिडींची अंघोळ तेवढी झाली.

महिन्याभराने समाधान-पत्रकावर सही करायला सगळ्या लाभार्थींना बोलावलं.

"समाधान कसलं बाई? माझी गाय मेली."

"मेलेल्या गाईवर गोचीड टिकते का, काका?"

"नाही... सोडून जाते."

"म्हणजे त्या गाईपुरता गुण आलाच."

ओनोरियो पत्रक धरून तसाच उभा राहिला. सही करायची नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

"करा हो सही, ओनोरियोकाका," मागून कुणीतरी वैतागून म्हणालं. "उगाच खोळंबा कशाला? आम्हालाही घरी जायचंय."

त्याने वळून पाहिलं. रांगेत सगळे त्याच्याच गावचे होते. प्रत्येकाच्या गोठ्यात गोचिडी होत्या, आणि प्रत्येकाने पेनाचं टोपण आधीच काढून ठेवलं होतं.