हे उघडतं कुठून?

कुठल्याही वस्तूला नुसता हात लावला की तिचं डिझाइन मला कळतं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. ऑफिसात सगळ्यांना ते माहीत आहे, मीच सांगितलंय त्यांना.

आमची कंपनी दाराच्या मुठी, कड्या आणि बिजागऱ्या बनवते. धंदा जुना, माल दणकट, आणि दिसायला आमच्या थोरल्या साहेबांसारखा, म्हणजे जाड, पिवळा आणि कुणाच्या डोळ्यांत न भरणारा. थोरले साहेब मालक. त्यांनी यंदा जाहीर केलं की डिझाइनचा वेगळा विभाग काढायचा आणि त्याला प्रमुख नेमायचा. कोणाला, ते नव्या हॉस्पिटलचं काम मिळाल्यावर ठरणार होतं. पण ठरवायचं काय त्यात? एवढी वर्षं मुठींची चित्रं मीच काढतोय. मी घरी सांगून टाकलं. सासऱ्यांनी तर माझी ओळख ‘आमचे जावई, विभागप्रमुख’ अशी करून द्यायला सुरुवातही केली. त्यामुळे आता ती जागा मिळवणं मला भागच होतं.

पहिलं पाऊल म्हणून मी थोरल्या साहेबांच्या गळी एक प्रीमियम लॅपटॉप उतरवला. “आपण ठोकळ्यासारख्या कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणून आपल्या मुठी ठोकळ्यासारख्या होतात,” असं मी म्हणालो. साहेबांना हे पटलं की ते माझ्या बडबडीला कंटाळले, कोण जाणे. पण लॅपटॉप आला.

आणि काय लॅपटॉप! पापडासारखा पातळ. वर रेघ नाही, खाच नाही, एक स्क्रू दिसेल तर शपथ. कीबोर्डच्या बटणांमध्ये फटी नाहीत, बाथरूमच्या फरश्या बसवाव्यात तशी बटणं एकमेकांना चिकटलेली. सगळ्यांत वरच्या ओळीत तर बटणंच नाहीत, नुसते दिवे. हवे तेव्हा उजळतात, नको तेव्हा मावळतात. माउसच्या जागी हात फिरवायचा जो पट्टा असतो, त्याला कडाच नाहीत. सगळीकडे एकसारखी काच. पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे तो बनवणाऱ्यालाच ठाऊक.

मी तो घरी नेला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. सासरे आमच्याकडेच राहतात. हयातभर शिंपीकाम केलेला माणूस, त्यामुळे प्रत्येक वस्तू आधी उलटी करून शिवण बघायची सवय. त्यांनी लॅपटॉप उचलला, फिरवला आणि बिजागरीच्या बाजूनं उघडायला लागले.

“बाबा, तिकडून नाही, इकडून.”

“इकडून म्हणजे कुठून? चारी बाजू सारख्याच आहेत की, जावईबापू.”

“तेच तर त्याचं सौंदर्य आहे.”

“असेल. पण हे उघडतं कुठून?”

मी उघडून दाखवायला गेलो. झाकणाला नख घालायला जागा नव्हती. एका बाजूनं घातलं तर सगळा लॅपटॉपच उभा राहायला लागला. शेवटी खालचा भाग पोटाशी दाबून, वरचा दोन्ही अंगठ्यांनी ढकलून तो उघडला. बायको भाजी चिरता चिरता हे सगळं बघत होती.

“रोज असंच करणार?” ती म्हणाली. “ऑफिसात? लोकांसमोर?”

“सवयीनं होतं.”

“बरं. तो बाण हलवून दाखवा बघू.”

मी ऐटीत बोट फिरवायला लागलो. बाण ढिम्म. मी जोरात फिरवलं. बराच वेळ मी मन लावून पट्ट्याच्या बाहेरच बोट घासत होतो, हे मला नंतर कळलं. बायकोला आधीच कळलं होतं, पण ती सुरी थांबवून शांतपणे मजा बघत होती.

“अहो, एवढ्यात माझा ओटा पुसून झाला असता,” ती म्हणाली.

मी तिला समजावलं, की उत्तम डिझाइन डोळ्यांना दिसतच नाही. ते मागे राहतं, वस्तू आणि माणूस यांच्या मध्ये येत नाही. हे बोलताना माझ्या तळहाताच्या धक्क्यानं स्क्रीनवरची तीन पानं आपोआप बंद झाली. मी ती बंदच करणार होतो असा चेहरा ठेवला.

पण खरं सांगतो, मला तो लॅपटॉप मनापासून आवडला होता. कुणी प्रेमात पडल्यावर समोरच्याच्या घोरण्याकडे दुर्लक्ष करतं, तसं माझं झालं. आणि त्या प्रेमाच्या भरातच मला हॉस्पिटलसाठी कल्पना सुचली. मूठच नसलेलं दार! सपाट, गुळगुळीत, भिंतीच्याच रंगाचं. आत एक छुपी खटकी. खांद्याच्या उंचीवर ठरावीक जागी दाबलं की खटकी सुटते आणि दार बाहेर उघडतं. डॉक्टरांचे हात भरलेले असले तरी खांदा मोकळाच असतो की नाही? त्या जागेवर खूण मात्र काही नाही. खूण केली की डिझाइन मेलं.

थोरल्या साहेबांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. “आपण मुठी विकतो,” ते शेवटी म्हणाले.

“साहेब, लोकांना दार उघडायला हवं असतं. मूठ कुणाला हवी असते?”

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं, की मी ते दोनदा म्हटलं. साहेबांनी हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंना बोलावणं धाडलं. दारांचा निर्णय बाईंच्या हाती होता. नमुन्याचं दार आमच्याच बैठकीच्या खोलीला बसवायचं ठरलं, म्हणजे बाईंना वापरून बघता येईल.

दार बसवायचं काम पानाकडे होतं. पाना आमचा फिटर. खिशात कायम एक पाना असतो म्हणून त्याला सगळे पाना म्हणतात. त्याचं खरं नाव बहुधा त्याच्या पगाराच्या पाकिटावर असेल. भेटीच्या दिवशी सकाळी मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो, तेव्हा तो आला.

“साहेब, दाराची वरची बाजू कुठली?”

मी मान वर केली नाही. दिव्यांच्या ओळीतला आवाज कमी करायचा दिवा शोधत होतो. खिडकीतून ऊन येत होतं आणि उन्हात ते दिवे अजिबात दिसत नव्हते.

“चांगल्या डिझाइनला वर-खाली नसतं, पाना,” मी म्हणालो.

“म्हणजे कसंही बसवू?”

“तू बसव. दारच तुला सांगेल.”

तो थोडा वेळ उभा राहिला. बहुधा दाराच्या बोलण्याची वाट बघत असावा. मग निघून गेला.

मेट्रनबाई वेळेवर आल्या. ठेंगण्या, रुंद, आणि नजर अशी की आपली नखं कापलेली आहेत ना, हे माणसानं आपसूक तपासावं. आमच्या थोरल्या साहेबांचा एक नियम आहे. बैठकीत फोन नको. सगळ्यांनी आपापले फोन दाराबाहेरच्या टोपलीत ठेवायचे. बाईंनी ठेवला, साहेबांनी ठेवला, मीही ठेवला. पानानं दार धरून ठेवलं होतं. आम्ही तिघं आत गेलो आणि त्यानं ते लावून घेतलं. भिंतीत भिंत मिसळली.

“दार कुठे गेलं?” मेट्रनबाईंनी विचारलं.

मी हे कौतुक म्हणून घेतलं आणि छाती फुगवली. साहेबांनी बाईंच्या हातात आमच्या जुन्या मुठींच्या नमुन्यांचा जड ट्रे भेट म्हणून ठेवला आणि मी लॅपटॉप पुढे ओढला. तो उघडेना. हाताला घाम आला होता आणि झाकण माशासारखं निसटत होतं. शेवटी पोटाशी दाबून अंगठ्यांनी ढकलला. बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे पाहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते आठवायला मला आवडत नाही. लॅपटॉप चेहरा ओळखून सुरू होतो. माझा ओळखला. पण पुढचं पान आणायला गेलो की मागचं यायचं. बाण दाराच्या चित्रावर न्यावा तर तो कोपऱ्यात जाऊन बसायचा. तळहात कुठेतरी टेकला आणि चित्र इतकं मोठं झालं, की स्क्रीनवर नुसता करडा रंग उरला.

“हे काय आहे?” बाईंनी विचारलं.

“दार,” मी म्हणालो. “फार जवळून.”

बाई उठल्या. “मला वॉर्डात फेरी आहे. दार प्रत्यक्षच बघते.” ट्रे दोन्ही हातांत धरून त्या भिंतीपाशी गेल्या. “कुठे दाबायचं?”

“खांद्यानं. इथे.” मी स्वतः पुढे होऊन ठरलेल्या जागी खांदा दाबला. काही झालं नाही. जरा डावीकडे दाबला. मग उजवीकडे. मग दणका दिला. साहेब म्हणाले, “बाजूला व्हा,” आणि त्यांनी दणका दिला. साहेबांच्या दणक्यानं भिंतीवरचं घड्याळ पडलं, पण दार हललं नाही. आम्ही दोघं आळीपाळीनं भिंतीला खांदे देत होतो आणि मेट्रनबाई ट्रे धरून, हे दोघं कुठल्या वॉर्डात शोभतील याचा विचार करत उभ्या होत्या.

हाका मारून उपयोग नव्हता. शेजारच्या शेडमध्ये आमची पत्रा ठोकायची प्रेस चालते. ती चालू असली की बाहेर उभ्या माणसाला स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. फोन बाहेर, टोपलीत.

“मोजमापाचं चित्र लॅपटॉपमध्ये आहे,” मी म्हणालो. “त्यावरून नेमकी जागा कळेल. पानाला निरोपही धाडता येईल.”

“मग करा ना,” साहेब म्हणाले. त्यांचा खांदा दुखत होता.

एव्हाना लॅपटॉप झोपला होता. मी त्याच्यापुढे चेहरा धरला. त्यानं ओळख दाखवली नाही. घरी सराव करताना मी खुशीत होतो, तो हसरा चेहरा त्याच्या लक्षात होता. आताचा चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता आणि खरं तर माझ्याही नव्हता.

“हसा,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“हसतोय.”

“याला हसणं म्हणत नाहीत. हसा नीट.”

“हसा म्हणतायत ना त्या!” साहेब गरजले.

मालक खांदा चोळत ओरडतोय, बढती डोळ्यांदेखत चाललीय, आणि आपण एका यंत्राला दात दाखवतोय. पण हसलो. यंत्राला दया आली. चित्र सापडलं, उघडलं, आणि त्याच क्षणी माझा अंगठा वरच्या दिव्यांच्या ओळीला लागून स्क्रीन काळी झाली. उजेड वाढवायचा दिवा शोधायला मी अंधारात चाचपडलो. खोडायच्या बटणाशेजारी, हुबेहूब त्याच्यासारखंच, काहीही न लिहिलेलं एक बटण आहे. ते लॅपटॉप बंद करायचं. ते मला बरोबर सापडलं.

मी हळूच लॅपटॉप मिटला. मिटायला मात्र तो अगदी सोपा आहे.

“विभागप्रमुख होणार होते हे,” साहेब भिंतीला म्हणाले. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. घरी सासऱ्यांना काय सांगू, एवढाच विचार डोक्यात होता.

मेट्रनबाईंचा धीर आता संपला. हात ट्रेत अडकलेले. त्यांनी रागानं भिंतीला, गुडघ्याच्या खाली, एक सणसणीत लाथ घातली.

खट्. दार अलगद उघडलं.

बाहेर पाना चहा पीत उभा होता. बाई बाहेर गेल्या. पुन्हा आत आल्या, दार लावायला सांगितलं, पुन्हा लाथ मारली. खट्. मग पायाच्या नुसत्या टोकानं. खट्. ट्रेमधली एकही मूठ हलली नव्हती.

“हेच हवंय मला,” त्या म्हणाल्या. “आमच्या मुलींच्या हातात सदा ट्रे. खांदा लावायला वळलं की ट्रेतलं सगळं खाली. पायानं उघडणारं दार आजवर कुणी दाखवलं नव्हतं. सगळ्या मजल्यांना हीच दारं द्या. दाबायच्या जागेवर तेवढा एक लाल ठिपका मारा, म्हणजे तुमच्यासारखं कुणी खांदे मोडून घेणार नाही. कुणाची कल्पना ही?”

माझं तोंड उघडलं होतं. अगदी प्रामाणिकपणे सांगतो, त्यातून ‘माझी’ हाच शब्द निघणार होता. पण साहेबांनी आधी पानाकडे पाहिलं.

“मी यांना विचारलं होतं वरची बाजू कुठली,” पाना चहाचा कप मागे लपवत म्हणाला. “ते म्हणाले, वर-खाली काही नसतं. मग म्हटलं, खटकी खाली असलेली बरी. वर असती तर बसवताना मला स्टूल आणायला लागलं असतं.”

“म्हणजे ठरवलंत तुम्ही,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“हो. म्हणजे, स्टूल दुसऱ्या मजल्यावर होतं.”

काम मिळालं. साहेबांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना जमवून, दुखरा खांदा सांभाळत, पाना डिझाइन विभागाचा प्रमुख झाल्याचं जाहीर केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा हळू. मग मोठं मन करून लॅपटॉप घेऊन साहेबांपुढे गेलो.

“साहेब, हा आता पानाला द्यायचा ना? विभागप्रमुखासाठीच घेतला होता.”

साहेबांनी तो हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवला, आणि न उघडताच मला परत दिला.

“छे,” ते म्हणाले. “त्याला काम करायचंय. तुमच्याकडेच असू दे.”